आत्याची गुडघ्याची पुडी बंद करू का? पित्तावर अन् गुडघ्यावर घरचं काय द्यावं?

रेणाकाठची_ताई
नमस्कार. मी रेणापूर तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. प्रश्न माझ्या सासूबाईंचा आहे. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, म्हणून खाली आत्याच लिहिते. जरा लांबलंय, पण पूर्ण वाचून सांगा.

आत्याचं वय ६६. अंगानं बारीक, सगळं आयुष्य खुरपण-काढणीत गेलेलं. बीपीची गोळी चार वर्षांपासून चालू आहे. शुगर नाही, म्हणजे पोळ्याच्या सुमारास तपासली तेव्हा नव्हती. गुडघे दोन-तीन वर्षांपासून दुखतात. यंदा सोयाबीन काढायला माणसं मिळंनात, तर नको म्हणत असताना आत्या पंधरा दिवस वाकून काढणीला होत्या. शेवटच्या दिवशी बांधावर बसल्या त्या उठताच येईना. मी अन् माझ्या मोठ्या लेकानं दोन्ही बाजूंनी धरून बैलगाडीत बसवलं.

दिवाळीच्या आधी शेजारच्या काकूंनी सांगितलं की आठवडी बाजारात एक माणूस जडीबुटी घेऊन बसतो, त्याच्या पुडीनं त्यांच्या बहिणीचे गुडघे मोकळे झाले. आम्ही १५ पुड्या आणल्या, ३०० रुपयांना. एक सकाळी, एक रात्री, दुधातून. पहिल्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी आत्या जिना चढून माळवदावर मिरच्या वाळत घालून आल्या! घरात सगळ्यांना आनंद झाला, मला तर जास्तच. कारण त्या बसून राहिल्या की मनानं खचतात, हे मी मामंजी गेल्यावर बघितलंय.

तेव्हापासून दर आठवड्याला पुड्या येतात. अडीच महिने झाले. गुडघा दुखत नाही. पण दुसरंच काही चाललंय.

एक, चेहरा गोल झालाय. भेटेल तो म्हणतो तब्येत सुधारली. चष्म्याच्या काड्या आता कानशिलात रुततात, संध्याकाळी काढला की दोन्हीकडं वळ दिसतात. दोन, पायाच्या घोट्याजवळ अंगठा दाबला की खड्डा पडतो अन् बराच वेळ भरत नाही. तीन, बांगडी घासते तिथं मनगटावर जांभळे डाग येतात, कशाला आपटलेलं नसताना. चार, भूक. आत्या एका वेळी एक भाकरी खायच्या, आता दोन खाऊन परत रात्री उठून डब्यातले लाडू शोधतात. तहानही लई वाढलीय. अन् पाच, छातीत जळजळ. करपट ढेकर, घशाशी आंबट पाणी, रात्री दोन वाजता उशी भिंतीला लावून बसलेल्या असतात.

जळजळीवर मी माझ्या मनानं हे दिलं: ज्येष्ठमधाची पूड अर्धा चमचा दोन वेळा, महिनाभर. दुकानातून आणलेलं अविपत्तिकर चूर्ण रात्री. अन् फारच झालं तर लिंबू-सोडा. तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

परवा मी एक पुडी स्टीलच्या ताटात उघडली. वरून तपकिरी, सुंठीसारखा वास. चमचा उलटा करून घासली तर तपकिरी भाग पसरला आणि खाली पांढरे कण राहिले, खडूसारखे. एक कण जिभेला लावला, गोळी चघळल्यासारखा कडू. मुळ्या-पाल्याची पूड अशी नसते, एवढं मला कळतं. माझी आजी कुटायची ते मी बघत मोठी झालेय. आमच्या लहानपणीचे सगळे खोकले अडुळशाच्या काढ्यानं गेलेत. माझा आयुर्वेदावर विश्वास आहे, म्हणूनच मला हे खुपतंय.

घरधनी म्हणतात आजपासून पुडी बंद. आत्या म्हणतात पुडी बंद केली तर मी जेवणार नाही. मी काय करू? पुडी लगेच बंद करावी का? पित्तावर आणि गुडघ्यावर बिनधोक असं काय द्यावं?

परभणीकर_गुरुजी
ताई, मी निवृत्त शिक्षक, वय ७१, गुडघ्यांचा जुना दुखणेकरी. ती पुडी आजच नाल्यात फेका.

पित्ताला माझा अनुभव सांगतो. मी तीस वर्षं सकाळी उठल्या उठल्या कोरा चहा आणि नऊ वाजता शिळी भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल असा नाष्टा केला. जळजळ होणार नाही तर काय. आता कोरा चहा सोडला. सकाळी साळीच्या लाह्या दोन मुठी, कोमट पाण्यात भिजवून. नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्या वेगळ्या, त्या नव्हेत. दिवसभर धन्या-जिऱ्याचं पाणी: दोन्ही एकेक चमचा रात्री तांब्याभर पाण्यात टाकायचं, सकाळी गाळून घ्यायचं. ठेचा दुपारी, तोही वरणासोबत.

गुडघ्याला निर्गुडी. आमच्या शेताच्या बांधावर आहे. पानं तीन-पाच बोटांची, पाठीमागून पांढुरकी, चोळली की उग्र वास येतो. मूठभर पानं तव्यावर तिळाच्या तेलात परतून फडक्यात बांधायची आणि सोसेल तसं शेकायचं. रात्री एरंडेल लावलेलं रुईचं पान गरम करून बांधतो. फक्त रुई तोडताना चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, हात साबणानं धुवा. माझा भाऊ त्या चिकानं आठवडाभर डोळा उघडू शकला नव्हता.

वैद्य_गोदाकाठ
ताई, मी बीएएमएस आहे, नांदेड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी १९ वर्षं प्रॅक्टिस करते. गुरुजींचा मान ठेवून सांगते: पुडी फेकू नका आणि स्वतःच्या मनानं एकदम बंदही करू नका. कारण सांगते.

तुम्ही लिहिलेली लक्षणं, गोल चेहरा, पायावर सूज, कातडीवर जांभळे डाग, भूक आणि तहान, ही सगळी एकत्र दिसली की माझ्या मनात पहिला संशय स्टेरॉइडचा येतो. बाजारातल्या बिननावाच्या सांधेदुखीच्या पुड्यांत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड किंवा दुखणं मारणारी गोळी कुटून मिसळलेली सापडते. कोणतीही वनस्पती अडीच वर्षांचा गुडघा तीन दिवसांत माळवदावर चढवत नाही. निर्गुडी, गुग्गुळ यांचा गुण यायला आठवडे लागतात.

आता बंद का नाही करायची. आपल्या मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या शरीराला रोज लागणारं कॉर्टिसॉल तयार करतात. बाहेरून काही आठवडे स्टेरॉइड येत राहिलं की त्या ग्रंथी काम सोडून बसतात. अडीच महिन्यांनी पुडी एकदम थांबवली तर बाहेरचं बंद आणि आतलंही बंद. मग अतोनात थकवा, उलट्या, चक्कर, बीपी एकदम खाली, माणूस बेशुद्धसुद्धा पडतो. म्हणून उद्याच लातूरला फिजिशियनकडं न्या. दोन-चार पुड्या जशाच्या तशा प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर विकत घेतल्याची तारीख लिहून सोबत न्या. ते बीपी, उपाशीपोटीची साखर, रक्तातलं पोटॅशियम बघतील, कदाचित सकाळचं कॉर्टिसॉलही. मग मोजून मापून गोळी देतील आणि ती हळूहळू कमी करत नेतील. याला आठवडे, कधी महिने लागतात. उद्यापर्यंतच्या वेळेत उलटी, भोवळ, ग्लानी असं काही दिसलं किंवा शौच डांबरासारखं काळं झालं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना. काळं शौच म्हणजे पोटातल्या जखमेतून रक्त जात असू शकतं, आणि अशा पुड्यांनी ती जखम होते.

तुम्ही दिलेल्या औषधांबद्दल. ज्येष्ठमध आजच बंद करा, ते बंद करायला काही धोका नाही. ज्येष्ठमध खोकल्याला, घशाला चार-आठ दिवस उत्तम. पण शरीर कॉर्टिसॉल जिथं मोडून निकामी करतं, तिथंच ते आड येतं. म्हणून रोज, महिनाभर घेतलं तर अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं, बीपी चढतं. आत्यांना बीपी आहे, वर पुडीतलं स्टेरॉइड, त्यावर ज्येष्ठमध. पायाची सूज दोन्हींकडून वाढली असणार. हा तुमचा दोष नाही, घरोघरी असंच दिलं जातं. सोडाही थांबवा, त्यातलं सोडियम बीपीला चांगलं नाही.

अविपत्तिकर हे पित्ताचं चांगलं औषध, मी रोज देते. पण त्याचा पाठ लोकांना माहीत नसतो. त्यात वजनानं निम्मी साखर असते आणि एक तृतीयांश निशोत्तर, म्हणजे रेचक. आत्यांची साखर वाढलेली असण्याची दाट शक्यता आहे, तेव्हा तपासणी होईपर्यंत नको. त्याच कारणानं मोरावळा आणि गुलकंदही नको. आवळा मात्र चालेल, ताज्या आवळ्याचा कीस किंवा नुसती पूड. चवीला आंबट असला तरी तो पित्त शमवतो. गुरुजींचं धने-जिऱ्याचं पाणी द्या, अगदी योग्य आहे. रात्रीचं जेवण सातला, त्यानंतर दोन तास आडवं व्हायचं नाही. खाटेच्या डोक्याकडच्या पायाखाली एकेक वीट ठेवा.

सूतशेखर द्या असं तुम्हाला कोणी ना कोणी सांगेल. गुणाचं औषध आहे, पण त्यात पारा, बचनाग, धोतरा हे शोधन करून घातलेले असतात. अशा औषधांच्या डबीवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना कायद्यानं छापावी लागते. ती मनानं घ्यायची नाहीत.

गुडघ्याबद्दल मी आत्ताच औषध सांगणार नाही, आधी दोन गोष्टी कळवा. सकाळी उठल्यावर अंग आखडलेलं किती वेळ राहायचं, पाच-दहा मिनिटं की तासाहून जास्त? आणि हाताच्या बोटांचे सांधे सुजायचे का?

रेणाकाठची_ताई
वैद्यताई, वाचून हात थरथरायला लागले. बरं झालं विचारलं, नाहीतर आज रात्रीच पुड्या चुलीत गेल्या असत्या. उद्या पहिल्या एसटीनं निघतो.

सकाळी पाच-दहा मिनिटंच आखडायचं, दोन पावलं चाललं की मोकळं. बोटं कधी सुजली नाहीत. खाली बसून उठताना आणि जिना उतरताना दुखायचं, गुडघ्यात कटकट आवाज यायचा. हे का विचारलंत?

वैद्य_गोदाकाठ
कारण सांधेदुखी म्हटलं की आपल्याकडं सरसकट तेल चोळतात. आत्यांचं वर्णन संधिगत वाताचं वाटतं, म्हणजे झिजेचं. तिथं तेल आणि शेक दोन्ही चालतात. आमवात असता, म्हणजे तासाहून जास्त आखडणं, दोन्ही हातांची बोटं सुजणं, अंगात कणकण, अन्नावर वासना नसणं, तर त्या अवस्थेत आयुर्वेद तेल लावू नका म्हणतो. तिथं कोरडा शेक, तव्यावर तापवलेल्या वाळूची पुरचुंडी. त्याच गुडघ्याला एकाला तेल आणि एकाला वाळू, म्हणून आधी बघावं लागतं. आमवातात रक्ताच्या तपासण्याही लवकर व्हाव्या लागतात, नाहीतर सांधे वाकडे होतात.

तेव्हा निर्गुडीचा शेक आत्यांना चालेल. एक काळजी घ्या. स्टेरॉइडनं कातडी पातळ झालेली असते, पटकन भाजते. पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, मगच त्यांना. रुईचं पान सध्या नको, कातडी सुधारेपर्यंत. आणि उकिडवं बसणं पूर्ण बंद: भाकरी ओट्यावर उभं राहून किंवा स्टुलावर बसून, शौचाला खुर्ची. मी हे सांगितलं की म्हाताऱ्या बायका माझ्यावर रुसतात, पण यानं जेवढा फरक पडतो तेवढा माझ्या कुठल्याच तेलानं पडत नाही. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, दहा आकडे मोजायचे, खाली ठेवायचा. दोन्ही पाय दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा स्नायू गुडघ्याचा भार उचलतो.

जाता जाता, तुमच्या आजीचा अडुळसा. त्यातल्या वासिसिन या द्रव्यावरूनच पुढं खोकल्याच्या औषधांतलं ब्रोमहेक्झिन तयार झालं. आजी बरोबर होत्या.

कपिलधार_रोड
मी बीड जिल्ह्यातला. ताई, आणखी एक सांगायचंय, कारण गुडघे परत दुखायला लागले की कोणीतरी हे सांगणारच: बिब्बा लावू देऊ नका. माझ्या वडिलांच्या गुडघ्याला गावात आलेल्या एका माणसानं बिब्बा तापवून त्याचं तेल लावलं. रात्रीतून उतला. दोन्ही गुडघ्यांवर लिंबाएवढे फोड, खाज मानेपर्यंत. दादा ऊसतोडीला जाणार होते, मुकादमाची उचल घेतलेली, कोयता बांधून ठेवलेला. तीन आठवडे घरात पडून होते. आमच्या घरात तळपायाच्या भेगांना पूर्वी बिब्बा वापरायचे, म्हणून कोणाला वावगं वाटलं नाही. मी तेव्हा अकरावीत होतो आणि त्या माणसाला मीच चहा दिला होता, ते अजून आठवतं.

परभणीकर_गुरुजी
वैद्यताई, माझी चूक झाली. नाल्यात फेका असं मी घाईनं लिहिलं, त्या ताईंनी ऐकलं असतं तर काय झालं असतं. माझ्या ओळखीत दोघं जण अशाच बाजारातल्या पुड्या घेतात. एक तर माझे मेहुणे, आठ महिन्यांपासून. त्यांना आज फोन करतो, पण बंद करा म्हणणार नाही, दवाखान्यात चला म्हणेन. बरोबर ना?

वैद्य_गोदाकाठ
अगदी बरोबर गुरुजी. पुडी सोबत न्यायला सांगा. खरं आयुर्वेदिक औषध ओळखायचं तर डबीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, तारीख आणि घटकद्रव्यं छापलेली असतात. कागदाच्या पुडीवर यातलं काहीच नसतं. नोंदणी असलेला वैद्य समोर रोग्याला तपासून पुडी बांधून देतो ती गोष्ट वेगळी. त्याला आत काय आहे विचारा, तो सांगेल. आणि जवळ वैद्य नसेल त्यांच्यासाठी: नांदेडला आणि धाराशिवला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयं आहेत, तिथं बाह्यरुग्ण विभाग चालतो.

रेणाकाठची_ताई
बारा दिवसांनी लिहितेय, माफ करा. संक्रांतीत अंगणवाडीचं आणि घरचं, दोन्ही होतं.

दुसऱ्याच दिवशी लातूरला गेलो. आत्यांची उपाशीपोटी साखर १९६ निघाली, बीपी १७०/१००, पोटॅशियम कमी. डॉक्टरांनी पुडी हातात घेऊन हुंगली, मनगट बघितलं, मान मागून बघितली आणि विचारलं, किती दिवस? मी ज्येष्ठमधाचंही सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, हे बहुतेक लोक सांगतच नाहीत. आता सकाळी एकच गोळी आहे, दर काही दिवसांनी ती कमी करायची, तारखांचा कागद करून दिलाय. तो मी कॅलेंडरशेजारी चिकटवलाय. मनानं एकही दिवस चुकवायची नाही असं तीनदा बजावलं. पित्ताची गोळी वेगळी दिली. साखरेसाठी परत बोलावलंय, पुडीमुळं वाढली असेल तर उतरेलही म्हणाले.

पायाची सूज उतरली. अंगठ्यानं खड्डा पडत नाही. जळजळ बरीच कमी आहे, धन्या-जिऱ्याचं पाणी आत्या आता स्वतःच भिजत घालतात.

पण गुडघा परत दुखायला लागलाय. हे मला लिहायलाच पाहिजे, कारण सगळं छान झालं असं नाही. चार दिवसांपूर्वी आत्या रडल्या. म्हणाल्या, तू मला परत खाटेवर बसवलंस. मी काही बोलले नाही. निर्गुडी गरम केली, आधी माझ्या मनगटाला लावली, मग त्यांच्या गुडघ्याला. त्यांनी बघितलं की मी आधी स्वतःला लावते. दुसऱ्या रात्री माझा हात धरून म्हणाल्या, थांब, आज मी बघते किती गरम आहे ते, अन् पुरचुंडी स्वतःच्याच मनगटाला लावली. पाय उचलायचा व्यायाम माझी धाकटी मोजून घेते, दहा म्हणायच्या आधी आत्यांनी पाय टेकवला की परत एकपासून.

उरलेल्या सहा पुड्या तारीख लिहून ठेवल्यात. त्यातल्या दोन घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या लातूरच्या ऑफिसात लेखी अर्ज देणार आहे. शेजारच्या काकू आधी चिडल्या, मग काल येऊन बहिणीचा फोन लावून दिला. तिलाही तोंडावर सूज आहे, पाच महिने झाले घेते. तिला वैद्यताईंचं वरचं उत्तर जसंच्या तसं वाचून दाखवलं.

आता एकच विचारायचंय. निर्गुडीची झुडपं आमच्या रेणेच्या काठाला आहेत, पण चैत्र-वैशाखात काठ पार करपून जातो. पानं वाळवून ठेवली तर चालतील का?

वैद्य_गोदाकाठ
चालतील. उन्हात नको, सावलीत वाळवा, कागदावर पातळ पसरून रोज उलटी करा. हातानं चुरचुर मोडली की कापडी पिशवीत भरून टांगून ठेवा. पोटीस ओल्या पानांचंच चांगलं होतं, वाळलेली पानं पाण्यात उकळून त्या पाण्यात फडकं बुडवून, पिळून शेका. आणि एक फांदी आत्ताच तोडून मोरीच्या पाण्याजवळ लावून टाका. निर्गुडी फांदीवरून लागते.